विजेत्यांची यादी आणि इतिहासाचे मौन : अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या महिला फुटबॉल स्पर्धेच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडास्पर्धेचा इतिहास म्हणून सामान्यतः जे वाचकांसमोर ठेवले जाते ते बहुधा एक कोष्टक असते. वर्ष, विजेता, उपविजेता, गोलसंख्या, मैदान असे त्याचे स्तंभ असतात. हे कोष्टक खोटे नसते. परंतु त्यालाच इतिहास मानले की स्पर्धा का सुरू झाली, कोणाच्या श्रमांवर उभी राहिली आणि तिने नेमके काय घडविले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. अमेरिकेतील अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठ-संघटनेची महिला फुटबॉल स्पर्धा हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. (अमेरिकेत 'फुटबॉल' हे नाव वेगळ्याच खेळाला असल्याने आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तेथे 'सॉकर' म्हणतात. प्रस्तुत लेखात 'फुटबॉल' हा शब्द आपल्या अर्थाने वापरला असून त्या दुसऱ्या खेळाचा उल्लेख 'अमेरिकन फुटबॉल' असा केला आहे.)

१९८८ ते २०२३ या काळात या स्पर्धेची ३६ आवर्तने झाली. त्यांपैकी २२ अजिंक्यपदे चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडे, १० फ्लोरिडा स्टेटकडे, २ व्हर्जिनियाकडे आणि प्रत्येकी १ नॉर्थ कॅरोलायना स्टेट व वेक फॉरेस्ट यांच्याकडे गेली. या पाच ओळींत स्पर्धेचा इतिहास संपतो, असे कोणासही वाटेल. हे कोष्टक जितके सांगते त्याहून अधिक झाकते, आणि अशा स्पर्धेचे खरे यश विजेत्यांच्या नव्हे तर पराभूतांच्या वाटचालीत शोधावे लागते, हे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

कॉन्फरन्स ही संस्था

भारतीय वाचकाला 'कॉन्फरन्स' ही कल्पना प्रथम समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार होतात आणि विद्यापीठाचा विभाग त्याच्या भौगोलिक स्थानावरून ठरतो. अमेरिकेतील कॉन्फरन्स हा असा विभाग नव्हे. ती विद्यापीठांनी स्वेच्छेने स्थापन केलेली सदस्यसंस्था असते. तीत प्रवेश मिळवता येतो, तीतून बाहेर पडता येते आणि तिचे उत्पन्न सदस्यांत वाटले जाते. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची स्थापना १९५३ साली सात विद्यापीठांनी केली आणि त्याच वर्षअखेरीस व्हर्जिनिया आठवे सदस्य झाले. चार संस्थापक सदस्य एकट्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील होते. ड्यूक आणि चॅपेल हिल यांच्यात तर अवघे पंधरा-सोळा किलोमीटर अंतर आहे. या शेजारधर्मातूनच तीव्र स्पर्धाभाव निर्माण झाला.

हंगामाअखेरीस बाद पद्धतीची स्पर्धा घेण्याची प्रथा या संघटनेत पुरुषांच्या बास्केटबॉलमुळे रुजली. १९५४ पासून ती स्पर्धा होत आहे, आणि पुढील सुमारे दोन दशके राष्ट्रीय स्पर्धेचे दार केवळ तिच्या विजेत्यासाठीच उघडे असे. म्हणजे महिला फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिचा साचा आधीच तयार होता; मात्र तो पुरुषांच्या खेळासाठी घडविलेला होता. ही बाब लहान वाटली तरी तिचे परिणाम पुढे दिसतात.

कायद्याची पार्श्वभूमी

विजेत्यांच्या यादीत ज्याला स्थान नाही असा पहिला घटक म्हणजे कायदा. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा अस्तित्वात आला. संघराज्याचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास त्याने प्रतिबंध केला. कायद्याच्या मूळ वाक्यात खेळाचा उल्लेख नाही. क्रीडाक्षेत्राला तो कसा लागू होईल हे १९७५ चे नियम आणि १९७९ चा धोरणात्मक खुलासा यांनी स्पष्ट केले. त्या खुलाशातील एक निकष असा होता की खेळाडूंमधील स्त्रियांचे प्रमाण विद्यार्थिसंख्येतील त्यांच्या प्रमाणाशी सुसंगत असावे.

महिला फुटबॉलचा अमेरिकी विद्यापीठांतील प्रसार या निकषाशिवाय उलगडत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावरील संघाला दीर्घकाळ ८५ पुरुष खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्याची मुभा होती. तेवढ्या पुरुषांशी तोल साधण्यासाठी स्त्रियांचा मोठ्या संख्येचा, पण तुलनेने कमी खर्चाचा खेळ हवा होता. फुटबॉल या गरजेत नेमका बसला. २०२५ पूर्वीच्या नियमांत महिला फुटबॉल संघास १४ आणि पुरुषांच्या फुटबॉल संघास ९.९ शिष्यवृत्त्या होत्या. ही विषमता वरकरणी स्त्रियांच्या बाजूची दिसते. तिचे मूळ मात्र अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य वाट्याशी तोल साधण्याच्या गरजेत आहे.

या कायद्याचा प्रवास सरळ झाला नाही. १९८४ साली ग्रोव्ह सिटी महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आवाका प्रत्यक्ष अर्थसाहाय्य मिळणाऱ्या कार्यक्रमापुरता सीमित केला, आणि क्रीडाविभाग बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर गेले. मार्च १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने नवा कायदा संमत केला आणि तो आवाका पूर्ववत झाला. त्याच वर्षीच्या हंगामात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची पहिली महिला फुटबॉल स्पर्धा झाली. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल, कारण चॅपेल हिलचा संघ १९७९ पासूनच अस्तित्वात होता. तथापि स्पर्धा कोणत्या हवामानात जन्मली, हे या योगायोगावरून ध्यानी येते. ड्यूकने आपला महिला संघ १९८८ सालीच उभा केला. क्लेमसनचा संघ १९९४ साली आणि फ्लोरिडा स्टेटचा १९९५ साली आला. प्रतिस्पर्धी आकाशातून पडले नाहीत. ते कायद्याच्या छायेत, अर्थसंकल्पातील तरतुदींतून आणि शिष्यवृत्त्यांतून निर्माण करावे लागले.

पहिल्याच वर्षाचा धडा

पहिल्या स्पर्धेचा निकाल इतिहासलेखनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. चॅपेल हिलचा संघ तेव्हा देशातील सर्वश्रेष्ठ संघ होता. १९८२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत १९८५ चा अपवाद वगळता तोच विजेता ठरला होता. १९८६ ते १९९० या काळात तो सलग १०३ सामन्यांत अपराजित राहिला. असे असूनही १९८८ चे कॉन्फरन्स अजिंक्यपद त्याला मिळाले नाही. ते नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडे गेले. अपराजित संघ अजिंक्यपद कसे गमावतो?

याचे उत्तर नोंदीच्या नियमात आहे. अंतिम सामना बरोबरीत राहिला आणि निकाल टायब्रेकरवर लागला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या नियमानुसार टायब्रेकरने केवळ चषकाचा मानकरी ठरतो. सामन्याची नोंद मात्र 'बरोबरी' अशीच होते. त्यामुळे एकाच सायंकाळचे दोन इतिहास लिहिले गेले. स्पर्धेच्या यादीत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विजयी आहे, तर विक्रमांच्या यादीत चॅपेल हिल अपराजित आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. २००४ साली हेच पुन्हा घडले. सलग १५ अजिंक्यपदांनंतर चॅपेल हिलची मालिका व्हर्जिनियाने खंडित केली, तीही टायब्रेकरवरच. कोष्टक म्हणजे घडलेल्या गोष्टीचे तटस्थ प्रतिबिंब नसून विशिष्ट नियमांनी केलेली निवड असते, हा या दोन सामन्यांचा धडा आहे.

एकतर्फी काळाचे मूल्यमापन

१९८९ ते २००३ या पंधरा वर्षांत कॉन्फरन्सचे अजिंक्यपद एकाच संघाकडे राहिले. १९७९ पासून २०२४ पर्यंत या संघाचे प्रशिक्षकपद अँसन डोरन्स यांच्याकडे होते. १९९१ साली चीनमध्ये झालेली पहिली महिला विश्वचषक स्पर्धा अमेरिकेने जिंकली, त्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही तेच होते. मिया हॅम यांच्यासारखी खेळाडू याच मैदानावर घडली. या काळाविषयीचे बहुतेक लेखन गौरवपर आहे. दुसऱ्या बाजूने असा आक्षेप घेता येईल की ज्या स्पर्धेचा विजेता आधीच ठाऊक असतो ती स्पर्धाच नव्हे.

हे दोन्ही पक्ष एकच चूक करतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोघेही स्पर्धेचे माप अंतिम सामन्याच्या निकालाने घेतात. ड्यूक विद्यापीठाचे उदाहरण पाहावे. २०२३ पर्यंतच्या विजेत्यांच्या यादीत ड्यूकचे नाव एकदाही नाही. म्हणजे यादीच्या लेखी ३६ वर्षांत या संघाने काहीच केले नाही. वस्तुतः १९८८ साली जन्मलेल्या या संघाने १९९२ साली राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. तेथे चॅपेल हिलने त्याचा ९–१ असा दारुण पराभव केला. परंतु दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, ड्यूकने आपल्या मैदानावर त्याच चॅपेल हिलला ३–२ असे हरविले आणि त्या संघाची १०१ सामन्यांची अपराजित मालिका संपविली. पुढे २०११ आणि २०१५ सालीही ड्यूक राष्ट्रीय अंतिम फेरीत पोहोचला. या संघाची जडणघडण वर्षानुवर्षे बलाढ्य शेजाऱ्याशी खेळून, हरून आणि पुन्हा खेळून झाली. ९–१ पासून ३–२ पर्यंतचे अंतर दोन वर्षांत कसे कापले गेले, हा खरा इतिहासाचा विषय आहे, आणि यादीत त्याला जागा नाही.

फ्लोरिडा स्टेटची वाटचाल हेच दुसऱ्या प्रकारे दाखवते. १९९५ साली संघ सुरू झाला, तेव्हा चॅपेल हिलची मालिका ऐन भरात होती. फ्लोरिडा स्टेटने कॉन्फरन्सचे पहिले अजिंक्यपद मिळविले ते २०११ साली, म्हणजे सोळा वर्षांनी. त्यानंतर २०१३ ते २०१६ अशी सलग चार, २०१८ साली एक आणि २०२० ते २०२३ अशी पुन्हा सलग चार अजिंक्यपदे त्याच्याकडे गेली. २०१४ साली राष्ट्रीय अंतिम सामना फ्लोरिडा स्टेट आणि व्हर्जिनिया या एकाच कॉन्फरन्समधील संघांत झाला. २०२४ साली तर राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीतील चारही संघ याच कॉन्फरन्सचे होते : चॅपेल हिल, ड्यूक, वेक फॉरेस्ट आणि स्टॅनफर्ड. चॅपेल हिलने अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. परंतु त्याच हंगामातील कॉन्फरन्स अजिंक्यपद त्याच्याकडे नव्हते. देशात पहिला येणे सोपे आणि आपल्या परिसरात पहिला येणे कठीण, अशी ही अवस्था आहे. स्पर्धेने काय साधले हे या विपरीत चित्रावरून कळते.

यादीबाहेर राहिलेले

गौरवाच्या इतिहासात तीन गोष्टींना सहसा स्थान मिळत नाही. पहिली गोष्ट नेतृत्वाची. राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने महिलांच्या स्पर्धा हाती घेण्यापूर्वी त्यांचे संयोजन स्त्रियांनी चालविलेल्या एका स्वतंत्र संघटनेकडे होते. १९८१ सालची महिला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा याच संघटनेने घेतली होती आणि चॅपेल हिलने ती जिंकली होती. पुढच्याच वर्षी ही स्पर्धा मोठ्या संघटनेकडे गेली आणि स्त्रियांची संघटना अल्पावधीत विसर्जित झाली. पैसा आणि प्रतिष्ठा वाढली, पण निर्णयाची सूत्रे हातून गेली. व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कारपेंटर यांच्या दीर्घकालीन अभ्यासानुसार १९७२ साली महिला संघांच्या प्रशिक्षकांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. २०१४ साली हे प्रमाण ४३.४ टक्के होते. मैदान मिळविणाऱ्या कायद्याच्या काळातच मैदानालगतची प्रशिक्षकाची जागा स्त्रियांनी गमावली. या कॉन्फरन्सच्या सर्वाधिक यशस्वी दोन संघांची अजिंक्यपदेही पुरुष प्रशिक्षकांच्या नावे जमा आहेत.

दुसरी गोष्ट सत्तासंबंधाची. १९९८ साली चॅपेल हिलच्या दोन माजी खेळाडूंनी प्रशिक्षकाच्या अनुचित लैंगिक शेरेबाजीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. प्रशिक्षकांनी गैरवर्तनाचा आरोप नाकारला. २००७ साली अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने, हा दावा सुनावणीविना फेटाळता येणार नाही, असा निर्णय दिला. दोन्ही खेळाडूंचे दावे अनुक्रमे २००४ आणि २००८ साली तडजोडीने मिटले. न्यायालयात दोषनिश्चिती झाली नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. तथापि हा खटला 'टायटल नाइन'च्याच आधारे लढला गेला, हेही महत्त्वाचे आहे. ज्या कायद्याने मुलींना मैदान दिले त्याच कायद्याने त्यांना मैदानावरील वागणुकीबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकारही दिला. चषकांच्या इतिहासात पहिला भाग येतो, दुसरा येत नाही.

तिसरी गोष्ट स्थळाची. नॉर्थ कॅरोलायनातील केरी हे या स्पर्धेचे जणू घरच मानले जाते. परंतु २०१६ आणि २०१७ च्या नोंदींत साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टनचे नाव आढळते. कोष्टक कारण सांगत नाही. मार्च २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने तृतीयपंथी व्यक्तींच्या स्वच्छतागृह-वापरावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याच्या निषेधार्थ कॉन्फरन्सने सप्टेंबरमध्ये त्या राज्यातील तटस्थ मैदानांवर होणाऱ्या आपल्या स्पर्धा बाहेर हलविल्या. एका स्तंभातील बदललेल्या शहरामागे केवढा सामाजिक संघर्ष उभा असू शकतो, याचे हे उदाहरण होय.

अंतर आणि अर्थकारण

शेजाऱ्यांची संघटना म्हणून जन्मलेल्या या कॉन्फरन्सचे स्वरूप आता आमूलाग्र बदलले आहे. २००४ नंतर मायामी, व्हर्जिनिया टेक, बोस्टन कॉलेज, नोत्र दाम इत्यादी सदस्य आले. २०२४ साली प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) तसेच डॅलसचे सदर्न मेथडिस्ट ही विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या संघटनेत दाखल झाली. त्यामागे दूरचित्रवाणीच्या हक्कांचे आणि प्रामुख्याने अमेरिकन फुटबॉलचे अर्थकारण होते. महिला फुटबॉलचा या निर्णयाशी संबंध नव्हता. परिणाम मात्र तिच्याही वाट्याला आला. स्टॅनफर्ड ते केरी हे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर आणि घड्याळाचा फरक तीन तासांचा आहे. हा प्रवास परीक्षा आणि तासिका सांभाळून विद्यार्थिनींना करावा लागतो.

येथे पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहतो. स्पर्धेचा साचा पुरुषांच्या खेळासाठी घडविला गेला, शिष्यवृत्त्या त्यांच्या खेळाशी तोल साधण्यासाठी आल्या, आणि आता भूगोलही त्यांच्याच खेळाच्या उत्पन्नाने ठरविला. २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या एका समझोत्यामुळे विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आणि समझोता स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तीच्या मर्यादेऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. त्या मोबदल्यात महिला खेळाडूंचा वाटा किती असावा, हा पुढील काळातील खरा सामना आहे. दुसऱ्याच्या सावलीत वाढलेले झाड सावली सरकली की उन्हात येते, याचे भान या स्पर्धेच्या हितचिंतकांनी ठेवणे आवश्यक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, विजेत्यांची यादी हे इतिहासाचे साधन आहे, इतिहास नव्हे. १९८८ आणि २००४ च्या अंतिम सामन्यांत तर तिच्यातील नोंदही नियमाधीन ठरते. दुसरा, ही स्पर्धा गुणवत्तेच्या आपोआप झालेल्या स्फुरणातून उभी राहिली नाही; कायदा, अर्थसाहाय्य आणि संस्थात्मक सातत्य यांनी तिला उभे केले. तिसरा, स्पर्धेचे यश विजेत्याच्या वर्चस्वावरून नव्हे, तर पराभूत संघांची पातळी किती उंचावली यावरून मोजले पाहिजे. या मापाने पाहता, ज्याच्या नावावर २०२३ पर्यंत एकही कॉन्फरन्स अजिंक्यपद नाही असा ड्यूकचा संघ हा या स्पर्धेच्या यशाचा सर्वांत बोलका पुरावा ठरतो.

हा विषय दूरदेशीचा असला तरी त्यातून उद्भवणारा प्रश्न आपल्या महाविद्यालयांनाही लागू आहे. वार्षिक अहवालात आपण जिंकलेल्या चषकांची नोंद करतो. पहिल्या फेरीत हरून परतलेला मुलींचा संघ त्या अहवालात बहुधा नसतो. तो संघ उभा राहण्यासाठी किती मुलींनी घरातून परवानगी मिळविली, सरावाला मैदान किती दिवस मिळाले, सोबत शिक्षिका होती काय आणि पुढच्या वर्षी त्यांतील किती मुली पुन्हा खेळल्या, हे आपण लिहून ठेवत नाही. ९–१ असा पराभव झालेला संघ दोन वर्षांनी ३–२ असा जिंकू शकतो. मात्र त्यासाठी दुसऱ्या वर्षी तो संघ शिल्लक असावा लागतो, आणि पहिल्या वर्षी तो हरला होता हे कोणीतरी आस्थेने लिहून ठेवलेले असावे लागते.